पदव्युत्तर शेणखत

शेण या विषयावरचा पहिला निबंध मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी लिहिला आणि त्यात मला वीसपैकी अकरा गुण मिळाले. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला आकड्याचं दुःख नसतं, शेऱ्याचं असतं. शेरा होता : 'विषयाशी प्रत्यक्ष संपर्क कमी वाटतो.'

हे मी वराळ्याला जाऊन आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे सख्खे चुलते, वय चौऱ्याऐंशी. गोठ्यात खाली बसून ते गव्हाणीची दोरी वळत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "लिवलं व्हतं, का थापलं व्हतं?"

"लिहिलं होतं, आबा."

"मंग बरोबर हाय. नुसतं थापलं असतंस तर मी चौदा दिलं असतं."

आता हे पदव्युत्तर प्रकरण उद्भवलं कसं, ते सांगायला हवं. माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या, चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलेल्या माणसाने सेंद्रिय शेतीत पदविका घ्यायला निघावं, याला काहीतरी सबळ कारण लागतं. ते कारण होतं चोवीस गुंठे.

तळेगाव स्टेशनला उतरून आंबीकडे जाणारी शेअर रिक्षा धरली की वराळे लागतं. पलीकडे इंद्रायणी. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही इथे यायचो तेव्हा स्टेशनपासून गावापर्यंत नुसती भाताची खाचरं दिसत. उन्हाळ्यात त्यांना भेगा पडलेल्या असत आणि त्या भेगांत आम्ही चिंचोके टाकत असू. आता त्या रस्त्याला इंजिनिअरिंगच्या मुलांची गर्दी असते आणि दुतर्फा इमारती उठल्या आहेत. जिथलं शेत गेलं तिथल्या इमारतीच्या नावात हमखास 'ग्रीन' हा शब्द असतो. गेलेल्या माणसाचा फोटो हॉलमध्ये लावतात, त्यातलाच प्रकार.

या सगळ्यात आमचे चोवीस गुंठे मधोमध अडकून बसले आहेत. सातबाऱ्यावर दोन नावं : आबांचं आणि वडिलांच्या मागे माझं. वडील पंचावन्न-छप्पन साली पुण्याला कारकुनीला गेले, आबा भातात राहिले. आबांच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या. गेली तीन-चार वर्षं पांढऱ्या बुटातले एक गृहस्थ दर दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन येतात आणि "मग काय ठरलं?" असं विचारतात. आबा त्यांना पाणी देतात, पुडा ठेवून घेतात आणि म्हणतात, "पुतन्याला इचारा." पुतण्या म्हणजे मी. माझा आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे स्कूटर विकणं. तोही हिने घेतला होता.

घरात बैठक बसली. मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे आणि त्याला तीन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा आहे. त्याने शांतपणे विचारलं, "बाबा, त्या चोवीस गुंठ्यांत वर्षाला येतं काय?"

"तांदूळ येतो," मी म्हणालो.

"तो दुकानातही येतो."

यावर मला उत्तर सुचेना. आणि उत्तर सुचलं नाही की मी घोषणा करतो. मी म्हणालो, "मी तिथे सेंद्रिय शेती करणार आहे."

हिने चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही? तुमच्या हातून कुंडीतली तुळस दोनदा गेली."

"म्हणूनच आधी शिकणार आहे," मी म्हणालो.

कोर्टात वकील जशी तारीख मागून घेतात, तशी मी ही शिक्षणाची तारीख मागून घेतली. एका संस्थेची जाहिरात मी पेपरात पाहिली होती : सेंद्रिय शेतीची पदव्युत्तर पदविका, एक वर्ष, शनिवार-रविवार, कोणत्याही शाखेचा पदवीधर चालेल. या शेवटच्या वाक्याने मी हुरळलो. जानेवारीत वर्ग सुरू झाले.

वर्गात आम्ही सतराजण. पहिल्या बाकावर बी.एस्सी. ॲग्री झालेल्या तीन मुली. त्यांना सगळं येत असे आणि त्या मला 'काका' म्हणून वही देत. मागे दोन आयटीवाले होते. संगणकाला कंटाळून मातीकडे वळल्याचं ते सांगत आणि मातीचे फोटो काढत. शिकवणारे सर माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान. ते मला 'काका' म्हणायचे, मी त्यांना 'सर' म्हणायचो आणि दोघेही अवघडायचो.

पहिले काही तास इतिहासाचे होते. ते मला मनापासून आवडले, कारण इतिहासात चिखल नसतो. १८८९ साली इंग्रज सरकारने डॉ. व्होल्कर नावाच्या रसायनतज्ज्ञाला हिंदुस्थानची शेती सुधारायला पाठवलं. हा भला माणूस वर्षभर देश हिंडला आणि १८९३ च्या अहवालात त्याने लिहून टाकलं, की इथला रयत इंग्लंडच्या सर्वसाधारण शेतकऱ्याइतकाच, काही बाबतींत त्याच्यापेक्षाही जाणता आहे. ज्या कामाला पाठवलं त्या कामाची फारशी गरज नाही, असं कळवणारा सल्लागार त्यानंतर जगात झाला असेल असं मला वाटत नाही. आमच्या बँकेत आलेल्या एकाही सल्लागाराने असं कळवलं नव्हतं.

मग आले अल्बर्ट हॉवर्ड. १९०५ साली ते बिहारात पुसाला शेतीशास्त्र शिकवायला आले आणि इथल्या शेतकऱ्यांना नि पिकांवरच्या किडींना आपले गुरू मानून बसले. १९२४ मध्ये त्यांनी इंदूरला संस्था उभारली. शेण, पालापाचोळा, गोठ्यातली मूत मुरलेली माती यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी ते वरखाली करून खत करायची जी 'इंदूर पद्धत' जगभर गेली, ती तिथली. त्यावरचं पुस्तक १९३१ साली निघालं आणि त्यावर हॉवर्डसाहेबांच्या बरोबरीने दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. जग हॉवर्ड-हॉवर्ड करतं, वाडांचं नाव कुणी घेत नाही. मला हे इतकं लागलं, की त्या निबंधात मी वाडांना दीड पान दिलं. अकरा गुणांचं खरं कारण तेच असावं.

आबांना मी हॉवर्डची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "सायेब शेतकऱ्याचा चेला झाला म्हंतोस. मंग तू कॉलेजात कशाला जातोस?" या प्रश्नाला अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं.

रसायनशास्त्र मात्र जड गेलं. त्यात मला एकच गोष्ट हिशेबाची म्हणून समजली : कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण. खताच्या ढिगात नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस ते तीस भाग पाहिजेत. पेंढ्यात कर्ब फार, ओल्या भाजीपाल्यात नत्र अधिक. पेंढा जास्त झाला तर ढीग कुजत नाही, हिरवा पाला जास्त झाला तर घाण वास सुटतो. हे जमा-खर्चाचं खातं आहे असं लक्षात आल्यावर मी घरात त्याचा वापर सुरू केला. ही मेथी निवडायला बसली की मी म्हणायचो, "देठांत नत्र आहे, टाकू नकोस." आठ दिवसांनी हिने देठांचं भरित करून वाढलं आणि म्हणाली, "घ्या नत्र."

एप्रिलात प्रात्यक्षिक आलं : जीवामृत करून नमुना वर्गात आणायचा. ही सुभाष पाळेकरांची कृती. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, दोन दिवसांनी एकराला पुरतं. मी हिच्याकडे दोन किलो बेसन मागितलं.

"कशाला?"

"जमिनीला."

"गेली सहा वर्षं तुमच्या कोलेस्टेरॉलसाठी या घरात भजी झाली नाहीत. आणि जमिनीला दोन किलो?"

बेसन शेवटी तळेगावात घेतलं. पण खरी अडचण निराळीच निघाली. पाळेकरांना देशी गाय लागते आणि आबांची गाय जर्सी संकराची. तिचं शेण अभ्यासक्रमात बसेना. मी आबांना तसं म्हणालो तर त्यांना राग आला. ते गाईच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "हिला काय म्हाईत ती कोन हाय ते?" मग देशी शेणासाठी मी दोन वाड्या पालथ्या घातल्या. एका घरी शेण देताना बाईने मला चहा दिला, माझी चौकशी केली आणि "नोकरी गेली का हो?" असं मायेने विचारलं.

जीवामृत झालं. छान आंबूस वास सुटला. रविवारी सकाळी मी पाच लिटरचा कॅन घट्ट बूच लावून भरला आणि तळेगावहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलो. बूच घट्ट लावू नये, आत वायू तयार होतो, हे सरांनी सांगितलं होतं. पण त्या दिवशी मी वाडांच्या विचारात होतो. घोरावाडी गेलं. बेगडेवाडी येता येता कॅनचं पोट फुगलेलं मला दिसलं. मी तो मांडीवर घेऊन बूच अलगद सैल करायला गेलो. पुढचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो, की बारीकसा आवाज झाला, समोरच्या गृहस्थांचा परीटघडीचा लेंगा त्या दिवसापुरता सेंद्रिय झाला आणि देहूरोडला आमच्या बाकाभोवती पुणे-लोणावळा लोकलमध्ये कधी नसते इतकी जागा झाली. एक आजीबाई तेवढ्या हलल्या नाहीत. त्यांनी हुंगून विचारलं, "गूळ किती घातला?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात कमी घालावा." प्रात्यक्षिकाचे गुण मला या नापास नमुन्यावरच मिळाले, कारण सांडायचं होतं ते सांडून कॅनच्या तळाशी पाव लिटर उरलं होतं.

जूनमध्ये प्रकल्प सुरू झाला : आबांच्या खाचरात सेंद्रिय भात. आबांना मी म्हणालो, "यंदा राब भाजायचा नाही." मावळात पिढ्यान्‌पिढ्या रोपाच्या वाफ्यावर शेण, पाला, काटक्या पसरून जाळतात. त्याने तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमात येतं. पण त्यात शेणातला कर्ब धूर होऊन जातो, हे मी आता पदव्युत्तर माणूस म्हणून जाणत होतो. त्याऐवजी डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री पद्धत घ्यायची : वाफ्यात भाताच्या तुसाची राख, चिखलणीआधी गिरिपुष्पाचा पाला, दोरी धरून पंधरा-पंचवीस सेंटिमीटरवर लावणी. चौथं सूत्र युरिया-डीएपीच्या गोळ्यांचं. ते आम्ही सेंद्रिय असल्यामुळे गळालं. आमची आपली तीनसूत्री.

आबांनी ऐकून घेतलं. "शेन जाळू नगं म्हंतोस, ते पटतंय. पन दोरी धरून लावनी म्हंजी शाळंतली कवायत झाली." तरी त्यांनी दोरी धरली. बी इंद्रायणीचं. ही इंद्रायणी म्हणजे नदीइतकीच जुनी असं मी समजत होतो. ती निघाली १९८७ सालची, शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून झालेली. आयआर ८ फिलिपाइन्सचा. आबांना हे सांगितल्यावर ते गाईकडे बघून म्हणाले, "बग. भात चालतो, गाय चालत न्हाई."

जुलैत, पावसात गुडघाभर चिखलात उभा राहून मी साडेतीन ओळी लावल्या आणि माझी कंबर धरली. उरलेले चोवीस गुंठे आबांनी आणि चार बायकांनी लावले. प्रकल्पात मी 'संशोधकाने लावणी केली' असं लिहिलं आहे.

मग प्रमाणपत्राची बाब आली. सेंद्रिय म्हणून माल विकायचा तर कागद लागतो. एक कागद २००१ सालापासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा. त्यात तिसरी संस्था येऊन तपासते आणि हंगामी पिकाच्या जमिनीला दोन वर्षांचा परिवर्तनाचा काळ काढावा लागतो. दुसरा २०११ सालापासूनच्या पीजीएसचा. त्यात निदान पाच शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची शेती तपासायची आणि एकमेकांना जामीन राहायचं. मला दुसरा आवडला. माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात आणि त्याचा छापील दाखला मिळतो, असं बँकेत मी कधी पाहिलं नव्हतं.

नमुना म्हणून फॉर्म भरायला घेतला. पहिलाच रकाना : मागील तीन वर्षांत वापरलेली खते. मी बिनधास्त 'शेणखत' लिहिणार होतो. आबा म्हणजे जुनं माणूस, त्यांची शेती आपोआपच सेंद्रिय, अशी माझी वर्षभराची समजूत. तिच्यावरच मी घरात भाषणं दिली होती.

"थांब," आबा म्हणाले. "खोटं लिवू नगं." ते आत गेले आणि दाराच्या खिळ्यावरून 'कालनिर्णय'चा गठ्ठा काढून आणला. एकावर एक, एकही न फाडता ठेवलेली वर्षं. तारखांच्या चौकोनांत आबांचं बारीक अक्षर. 'बी टाकलं.' 'गाय व्याली.' 'युरिया १ गोणी.' दर वर्षी जुलैत, न चुकता, युरिया एक गोणी. कधी दोन.

मी वाचत मागे मागे गेलो. ज्या जमिनीला मी ऋषींची समजून बसलो होतो, ती चांगली ४६ टक्के नत्राची सवय लागलेली निघाली. जुन्या कॅलेंडरांत गोणीपुढे आणखी दोन शब्द होते : 'अण्णाचे पैसे.' वर्षानुवर्षं. अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या घरात जुलै महिना नेहमी ओढाताणीचा का असे, नव्या दप्तराची गोष्ट दर वर्षी ऑगस्टवर का जाई, हे मला कधी कळलं नव्हतं. कारकुनाच्या पगारातून ते दर पावसाळ्यात वराळ्याला मनिऑर्डर करत होते आणि घरी 'आबाला थोडं पाठवलं' एवढंच म्हणत होते.

एका जुलैच्या चौकोनात लिहिलं होतं : 'लावणी सपली. अण्णा गेला.' त्यात अनुस्वार राहून गेला होता. त्या वर्षापासून गोणी होती, पैशाचा उल्लेख नव्हता.

"त्याच्या मागं मी माज्या पैशानं आनली," आबा म्हणाले. "सवय झालती रानाला. आन मला बी."

रकान्यात मी 'युरिया' लिहिलं. ही एक गोणी प्रदूषण म्हणून धरायची की वडिलांचा वाटा म्हणून, याला फॉर्ममध्ये जागा नव्हती.

पाच शेतकरी मात्र जमले नाहीत. बांधाला बांध लागून अजून भात करणारे चार सापडले, आबांसकट. पाचवे गृहस्थ तयार होते. फॉर्मवर त्यांचा अंगठाही झाला होता. दसऱ्याला त्यांच्याकडे सोनं द्यायला गेलो, तर त्यांनी पेढा हातावर ठेवला. पांढरे बूट ओट्याशी काढलेले होते. त्यांना काय बोलणार? मुलीचं लग्न ठरलं होतं. आता नदीपलीकडच्या गावातले एकजण 'बघू' म्हणाले आहेत. मराठीत 'बघू' म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, तरी मी दर पंधरा दिवसांनी जाऊन बघतो.

कापणी दिवाळीनंतर झाली. पीक आबांच्या अंदाजापेक्षा दोन पोती कमी. "पहिल्या वर्साला असं व्हनारच. रान उपाशी हाय, सवय मोडायची," ते म्हणाले. पुस्तकात हेच चार पानांत होतं. झोडणीला मुलगा आला होता. 'एक दिवस सुट्टी काढतो' म्हणाला आणि तीन दिवस राहिला. हिंजवडीचं काम तो पेंढ्याच्या गंजीला टेकून लॅपटॉपवर करत होता. तिसऱ्या दिवशी हिने नव्या तांदळाचा भात केला. तो चिकट, मऊ, वास घरभर. मुलाने तिसऱ्यांदा वाढून घेतला. दुकानातल्या तांदळाचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही, याला मी माझी वर्षातली सर्वांत मोठी प्रगती समजतो.

तोंडी परीक्षा शेतावरच झाली. बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी मला विचारलं, "भात कापणीला आला हे कसं ओळखाल?" मी दाण्यातल्या ओलाव्याची टक्केवारी आठवू लागलो. ती आठवेपर्यंत आबांनी राखून ठेवलेल्या चार ओंब्यांतला एक दाणा काढून दाताखाली धरला. 'कट्ट' असा आवाज आला. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. मी दुसऱ्या वर्गात पास झालो. त्यातले किती गुण आबांच्या दातांचे, ते मी विचारलं नाही.

यंदाही मिठाईचा पुडा आला. "मग काय ठरलं?" गृहस्थांनी विचारलं. घरची सगळी मंडळी ओट्यावर होती. मी खाकरून म्हणालो, की हंगामी पिकाच्या जमिनीचा परिवर्तनाचा काळ दोन वर्षांचा असतो, नियमच आहे तसा, आणि आत्ता कुठे पहिलं वर्ष झालं. मुलगा काही बोलला नाही. तो पेंढा झटकत होता. हिने मात्र माझ्याकडे बघितलं. कोर्टाची तारीख तिला बरोबर ओळखू येते.

"आणि दोन वर्षांनी?" तिने विचारलं.

"दोन वर्षांनी पीएच.डी.ला नाव घालीन."

आबांनी गाईला पेंढी टाकली आणि हात झटकत विचारलं, "त्याला शेन किती लागतं?"